बोलीतले शब्द छापताय ते झकासच, पण क्रियापदं कुठं गेली?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत "आपल्या बोलीतले शब्द पाठवा" म्हणून जी चौकट येतेय ती मी आधी वाचतो आणि मग बाकीचा पेपर, त्यामुळं हे पत्र भांडायला लिहीत नाही हे पहिलंच सांगतो. कोल्हापूरकरांनी धडाधड शब्द पाठवलेत, वाईच, रग्गड, इस्कोट, नाद खुळा, काटा किर्र, वाचून मजा येतेय. पण नीट बघितलं तर आजवर छापलेलं बहुतेक सगळं म्हणजे नामं, विशेषणं आणि आरोळ्या. क्रियापद शोधून सापडंना, आणि सापडलंच तर "इस्कटणे" असं णे लावून इस्त्री करून ठेवलेलं. आता कोण माणूस बोलताना "इस्कटणे" म्हणतोय सांगा बघू, तो म्हणणार "पोरानं सगळं इस्कटून टाकलंय बघ", आणि खरी कोल्हापुरी त्या "टाकलंय बघ" मध्येच बसलीय.

हे एवढं रेटून का म्हणतोय त्यासाठी जरा लांब कॅनडात जावं लागणार, कंटाळा करू नका. माझा भाचा शिकायला ओंटारिओत आहे (हल्ली निम्मी पेठ तिकडंच आहे असं वाटतंय) आणि त्याला एकदा फोनवर विचारलं की बाबा ओंटारिओ म्हणजे काय, तर त्याला काय सांगता येईना, मग मीच मोबाईलवर शोधत बसलो. ओंटार म्हणजे तळं आणि इओ म्हणजे मोठं असणं, सुंदर असणं, म्हणजे नाम आणि क्रियापद एकात मिसळून झालेलं ते नाव. तिथल्या मूळ लोकांच्या इरोक्वॉयन नावाच्या भाषाकुळातली ही रचना, मोहॉक, ओनायडा, सेनेका ह्या सगळ्या त्यातल्याच बहिणी, आणि त्यांच्यातलीच एक वेंदात. ह्या वेंदात लोकांना फ्रेंचांनी ह्युरॉन असं नाव ठेवलं, ह्युरॉन सरोवर तेच.

आता वेंदातचं क्रियापद. आपल्याला शाळेत उपसर्ग शिकवतात ते कसे, हार ह्या शब्दाला प्र लावा प्रहार, आ लावा आहार, सं लावा संहार, अर्थच पालटतो आणि मार्क मिळाले की विषय संपला. वेंदातचे उपसर्ग तसले नव्हेत. तिथं धातूच्या पुढं जे लागतंय त्यात कोण करतोय, कुणाला करतोय, झालंय की होणार आहे, परत केलं का, इकडं का तिकडं, आणि नाही केलं तर नाही हे सुद्धा, असा सगळा संसार येतोय. आपण मराठीत हे कसं करतो बघा, मी-तू-तो वेगळे शब्द, परत वेगळा शब्द, इकडं-तिकडं वेगळे, आणि काळ-लिंग-वचन सगळं धातूच्या शेपटीला, जातो जाते जाईल गेलास. त्यांच्यात शेपूट आहेच, क्रिया नेहमीची की एकदाच झालेली की होऊन राहिलेली हे शेवटी कळतंय, पण खरी गर्दी पुढच्या दारात.

आणि गर्दी असली तरी धक्काबुक्की नाही. पंगतीत ताट वाढताना मीठ कुठं, चटणी कुठं, कोशिंबीर कुठं हे ठरलेलं असतंय तशी प्रत्येकाची जागा ठरलेली. सगळ्यात पुढं काळ-दिशा-पुनरावृत्ती-नकार वाले, त्याच्यामागं माणसांचा उपसर्ग, म्हणजे कोण कुणाला, त्याच्यामागं "स्वतःला" असा अर्थ असला तर तो, मग लागलंच तर एखादं नाम, आणि मग बिचारा धातू. माणसांचा उपसर्ग मात्र सुटतच नाही. नुसता धातू तोंडातून काढायची सोयच नाही तिथं, आपलं "कर" "जा" "बस" असतंय तसं मोकळं काही नाही, हुकूम सोडायचा तरी कुणाला सोडतोय ते धातूला चिकटूनच येणार.

एक शब्द जवळून बघूया. जेसुइट ह्या ख्रिस्ती पंथातले पाद्री ज्याँ द ब्रेबफ यांनी रचलं असं मानतात ते वेंदात भाषेतलं नाताळचं एक गाणं कॅनडात आजपण म्हणतात, त्यात "जेसूस अहातोन्निया" असं येतंय. येशू जन्मला. आता हा "अहातोन्निया" सोडवा. पहिला अ म्हणजे घडलं, झालेली गोष्ट. ह म्हणजे तो, पुरुष, एकटा. मग अत, म्हणजे स्वतःचं स्वतःला. आणि ओन्निया हा धातू, बनवणं, घडवणं. तो घडला, म्हणजे जन्मला. एका शब्दात कर्ता आहे, काळ आहे, आणि क्रिया स्वतःवरच वळलीय हेही आहे. आता गंमत अशी की त्या "अत" च्या ऐवजी "घर" चं मूळ आत घातलं की त्यानं घर बांधलं असं व्हायचा रस्ता मोकळा झाला, आणि सगळ्यात पुढं "परत" वाला स लावला की परत बांधलं. "त्यानं परत घर बांधलं" हे आपलं चार शब्दांचं वाक्य तिथं एका शब्दात मावतंय, आणि ते कुणी कवीनं जुळवलेलं नसतंय, रोज चुलीपाशी बसलेल्या माणसाचं बोलणं असतंय.

ह्या पुढच्या उपसर्गांत मला सगळ्यात आवडला तो "ते". ज्याला तिथले अभ्यासक दोनाचा उपसर्ग म्हणतात. एकाचे दोन होतात किंवा दोन गोष्टी लागतात अशा कामांना तो येतोय, ह्या कुळातल्या भाषांत कापणं, ओलांडणं, उभं राहणं, नाचणं असल्या क्रियापदांना तो चिकटलेला दिसतोय. कापलं की एकाचे दोन झाले, ओलांडायला दोन काठ पाहिजेत, नाचायला दोन पाय. कोण म्हणतंय रानातल्या लोकांना गणित येत नव्हतं!

माणसांच्या उपसर्गात तर आपल्याला घरच्यासारखं वाटतंय. इंग्रजीत वुई म्हटलं की संपलं, हिंदीत हम. पण आपल्याला "आपण" आणि "आम्ही" यातला फरक दुसरीतल्या पोराला पण कळतोय, "आपण पिक्चरला जाऊया" म्हटलं की तू पण आलास आणि "आम्ही पिक्चरला चाललोय" म्हटलं की तू बस घरात. वेंदातमध्ये अगदी हेच, ऐकणारा आत की बाहेर हे क्रियापदाच्या उपसर्गातच ठरतंय, वर आणि दोघंच आहेत की दोनपेक्षा जास्त हे पण सांगावं लागतंय. (कोल्हापुरात "आपल्याला नाय जमत" म्हणजे एकट्या मलाच जमत नाही, तो आणखी वेगळा आपण, त्याला कुठल्या खान्यात घालायचं ते विद्वानांनी ठरवावं.)

आणि कर्ता सगळीकडं एकाच वेशात येत नाही. मुद्दाम करणारा असला तर एक उपसर्ग, आणि ज्याच्यावर येतंय, ज्याला होतंय, तो असला तर दुसरा. इंग्रजी माध्यमातल्या पोराला हे समजावताना नाकी नऊ येतील पण मराठी माणसाला कशाला समजवायचं, आपण "मी खातो" म्हणतो पण "मला भूक लागली", "मला बरं वाटंना" म्हणतो, तिथं "मी" चालतच नाही. वेंदातमध्ये क्रिया होऊन गेलीय, आता तिचा परिणाम उरलाय असं सांगताना पण हा दुसराच वेश लागतोय, आपल्याकडं "मी चपाती खातो" चं "मी चपाती खाल्ली" झालं की क्रियापद माझं ऐकायचं सोडून चपातीचं ऐकायला लागतंय, त्यातलाच प्रकार. शिवाय करणारा आणि सोसणारा दोघंही माणसं असली तर दोघांचा मिळून एकच उपसर्ग, मी-तुला एक, तो-मला एक, ते-त्याला एक. मोहॉक, ओनायडा ह्या बहिणींमध्ये असे माणसांचे उपसर्ग पन्नासच्या वर मोजलेत. आपली पोरं तीसपर्यंत पाढे म्हणताना रडतात.

ह्यातून पाद्री लोकांची जी गोची झाली ती वाचून मी एकटाच हसलो. वेंदातमध्ये बाप, मुलगा ही नाती पण क्रियापदासारखी बांधलेली, तो-मला-बाप, मी-त्याला-बाप अशी, म्हणजे नुसतं "बाप" म्हणताच येत नाही, कुणाचा ते उपसर्गात आलंच पाहिजे. ("बाप रे!" म्हणून ओरडायची पण सोय नाही बघा, लोक विचारणार कुणाचा रे?) आता "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने" हे सांगायचं कसं? ब्रेबफनी १६३६ च्या अहवालात वरिष्ठांना चक्क विचारलंय की त्याऐवजी "आमच्या पित्याच्या, त्याच्या पुत्राच्या आणि त्यांच्या पवित्र आत्म्याच्या नावाने" असं म्हणायला दिलं तर चालेल का. बघा, धर्माला व्याकरणापुढं परवानगी मागावी लागली.

त्यांचं आणखी एक निरीक्षण म्हणजे ह्या भाषेत ओठ मिटून काढायचे वर्णच नाहीत, म्हणजे आपला अख्खा प वर्ग गायब. पंचगंगा, पन्हाळा, अंबाबाई, भवानी मंडप, काहीच म्हणता येणार नाही. असो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ह्या लोकांवर १६३० च्या दशकात देवी आणि बाकीच्या साथी आल्या, निम्म्याहून जास्त माणसं गेली, १६४९ ला शेजारच्या इरोक्वॉय संघाच्या हल्ल्यात गावं उठली, काही लोक क्विबेक शहराच्या बाजूला जाऊन राहिले, काही फिरत फिरत पार ओक्लाहोमापर्यंत गेले. क्विबेकजवळच्या वेंदाके गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही भाषा बोलणारं कुणी उरलं नाही, पोरं फ्रेंच बोलायला लागली. तरी २००७ साली तिथल्या वेंदात समाजानं आणि लाव्हाल विद्यापीठानं मिळून यावेंदा नावाचा प्रकल्प काढला आणि भाषा परत उभी करायचं मनावर घेतलं, आज तिथं लहान-मोठ्यांना ती शिकवतात. बोलणारा एक माणूस नाही, रेडिओ नाही, सीरियल नाही, मग शिकवतात कशावरून? तर जुन्या हातानं लिहिलेल्या वह्यांवरून.

आणि इथंच ती गोम आहे ज्यासाठी मी हा सगळा कॅनडा तुमच्यापुढं मांडला. सगळ्या वह्या सारख्या कामाच्या नाहीत. गाब्रिएल सागार नावाचे एक फ्रेंच मिशनरी १६२३-२४ चा हिवाळा वेंदात गावात राहिले आणि १६३२ मध्ये त्यांनी फ्रेंच-ह्युरॉन कोश छापला, प्रवाशाला उपयोगी असं फ्रेंच शब्दाच्या नाहीतर वाक्याच्या पुढं त्यांची भाषा. त्याच्या प्रस्तावनेत ते म्हणतात की ही रानटी भाषा, जवळजवळ नियमच नसलेली. का वाटलं तसं? त्यांना एकाच क्रियापदाचा अवतार दर वेळी वेगळ्या अक्षरानं सुरू होताना दिसला. तो असला की ह, बाई असली की दुसरंच, परत असलं की स, आता डिक्शनरीत शोधायचं कुठल्या अक्षराखाली? माणूस म्हणणारच नियम नाही.

त्यांच्यानंतर आलेल्या जेसुइटांनी नुसते शब्द टिपायचं सोडून एकच क्रियापद मी-तू-तो-ती-आपण-आम्ही असं फिरवून बघितलं, बोलणाऱ्याला दहादा विचारलं, आणि मग त्यांना दिसलं की नियम भरपूर आहेत. धातूचा पहिला आवाज कुठला त्यावरून त्यांनी पाच गट पाडले, अ वाले, व्यंजन वाले, ए वाले, इ वाले, ओ वाले, आणि प्रत्येक गटाला उपसर्ग कसे बदलतात ते लिहून ठेवलं. शोमोनो नावाच्या पाद्र्यांचं व्याकरण दीडशे-दोनशे वर्षं हातानं उतरवून घेत घेत फिरत राहिलं आणि इंग्रजीत छापलं गेलं १८३१ ला, म्हणजे ज्या साली आपल्याकडं मोल्सवर्थची मराठी-इंग्रजी डिक्शनरी आली त्याच साली. मधल्या काळात, अठराव्या शतकात, पोतिए नावाच्या पाद्र्यांनी धातूंच्या जाडजूड वह्या तयार केल्या, त्यात गट पाडून धातू आणि त्याखाली वापरातली वाक्यं. आज वेंदाकेत जे शिकवतात ते ह्या वह्यांच्या जिवावर. त्यांच्याच समाजातल्या एका संशोधक बाईंनी २०१८ साली ह्याच क्रियापदांच्या रचनेवर पीएचडी पुरी केली, वाचायला आहे मोफत, पण डोकं थंड असताना वाचा.

पाद्र्यांचं कौतुक डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही, ते धर्म पसरवायला आले होते आणि व्याकरण हे त्यांचं हत्यार होतं, ते आपल्याकडं पण तसंच, थॉमस स्टीफन्स हे पण जेसुइटच, गोव्यात बसून मराठीत क्रिस्तपुराण लिहिणारे, त्यांचं कोकणीचं व्याकरण १६४० ला राचोलला छापलं. शिवाय ह्या वह्यांत पण भोकं आहेत. वेंदातमध्ये घशात आवाज क्षणभर अडवायची एक पद्धत आहे, फ्रेंच कानाला ती नीट ऐकू येत नव्हती म्हणून कुठं लिहिली कुठं नाही, मग मोहॉक वगैरे जिवंत बहिणींकडं बघून आणि मारिअस बार्बो नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९११-१२ मध्ये ओक्लाहोमात वायंडॉट लोकांच्या, म्हणजे तिकडं गेलेल्यांच्याच वंशजांच्या, तोंडून लिहून घेतलेल्या गोष्टींवरून ती भरून काढावी लागते. व, ऊ साठी त्यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखं चिन्ह वापरलंय, त्यामुळं पहिल्यांदा बघणाऱ्याला पान म्हणजे गणिताची वही वाटते. पण काय का असेना, वाक्यासकट, माणसासकट क्रियापद लिहून ठेवलं होतं म्हणून परत उभं करता आलं. निव्वळ सागारसारखी यादी हातात असती तर आज वेंदाकेच्या पोरांना भांडीकुंडी आणि जनावरांची नावं सांगता आली असती, "मी तुला परत भेटतो" एवढं म्हणता आलं नसतं.

आता तुमची चौकट. कोल्हापुरीचं शंभर वर्षांनी काय होईल ते सोडा, आत्ताच बघा. तुम्ही पत्राच्या सुरवातीपासून वाचताय "वाचतो", "सांगतो", "हसलो", तुम्हाला वाटलं असणार लिहिणारा बाप्या आहे. मी बाई आहे. आमच्या घरात आजी, आई, चुलत्या सगळ्या "मी आलो", "मी जातो", "मी जेवलो" असंच म्हणत आल्या, आणि पुण्याच्या पाहुण्या आल्या की तोंडावर पदर धरून हसायच्या. माझी सून "मी जाते" म्हणते, नात तर म्हणतेच. ह्याला कुणी अडाणीपणा म्हणो, मला तरी दिसतंय की आमच्याकडं "मी" म्हणताना बाईबाप्या असा भेद करायची गरज पडली नाही, "ती आली" आणि "तो आला" तेवढे वेगळे. वेंदातमध्ये बरोबर हेच, तो आणि ती ह्यांचे उपसर्ग वेगळे पण मी आणि तू ला लिंग नाही. आता सांगा, हे तुमच्या चौकटीत कसं येणार? "जाणे" ह्या शब्दापुढं काय लिहिणार? बाई बोलतीय हे कळल्याशिवाय त्या "जातो" मध्ये काही आहे हेच दिसत नाही.

तसंच "करालायस", "जेवालोय". पुण्यात "करतोयस" म्हणतात, आमच्यात "काय करालायस". हे रूप ज्या यादीत सगळ्या क्रियापदांना णे लावलंय त्यात कायमचं गडप होतंय. चंदगडकडची माणसं बोलताना क्रियापदाचं आणखी वेगळंच काय काय करतात, ते मला जमत नाही, पण ऐकायला गोड वाटतंय, तिकडच्या वाचकांनी लिहावं.

तेव्हा मागणी एवढीच की चौकटीचा कागद थोडा बदला. शब्द पाठवा म्हणू नका, वाक्य पाठवा म्हणा, आणि बरोबर चार गोष्टी मागा, कोण बोललं, कुणाला बोललं, बाई का बाप्या, आणि गाव कुठलं. वाक्य आहे तसं छापा, शुद्धलेखनवाल्या कुणाच्या हातात देऊ नका प्लीज. आणि एकच क्रियापद जमेल तेवढं फिरवून मागा, मी, आपण, आम्ही, तू, तुम्ही, तो, ती, झालेलं, होणारं, आणि नाही म्हणताना कसं, कारण आमच्यात "येत नाही" आणि "येईना" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्यात तो माणूस येत नाही आणि दुसऱ्यात तो यायला तयार होईना, आपण हाका मारून दमलो.

सुरवात म्हणून माझ्याकडची वाक्यं पाठवतोय. "काय करालायस गं?" शेजारीण मला, सकाळी, गॅलरीतून. "जेवालोय, ये की." मी तिला, बाई बाईला. "बोलवून बोलवून दमलो, पोरगं उठंना." तीच मला, तिच्या लेकाबद्दल. "आम्ही चाललोय जोतिबाला, तू येणार न्हवं?" थोरली जाऊ मला, आणि मी "होय" म्हटल्यावर लगेच "मग आपण लवकरच निघूया." सगळी मंगळवार पेठ, कोल्हापूर. जागा कमी पडत असली तर दर आठवड्याला दोनच छापा, चालतंय.

आपली नेहमीची वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर